एका चुलीचे तळहात

मकरंदच्या तळहाताने त्याची चहाडी केली. तीही भर सकाळी साडेदहाला, हृदय केंद्राच्या तपासणी खोलीत, माझ्यासमोर.

तोवर सगळं मस्त चाललं होतं. मस्त म्हणजे माझं कौतुक चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी मकरंदच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आम्ही इथे येतो. डॉक्टर काळमेघ स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "वहिनी, स्टेंट टाकला तेव्हा यांच्या रक्तवाहिन्या बहात्तर वर्षांच्या माणसासारख्या ताठ होत्या. गेल्या सहा-आठ महिन्यांत त्या पासष्टवर आल्या. यांचं खरं वय एकसष्ट. औषधं आम्ही सगळ्यांना तीच देतो. एवढा फरक ताटातूनच येतो. काय खाऊ घालून राहिल्या तुम्ही?"

मी सुरू झाले. गाजर, बीट, पालक, लाल भोपळा, भेद्रं. भेद्रं म्हणजे टोमॅटो. आमच्या अमरावतीत टोमॅटो म्हटलं की भाजीवाली बाई आपल्याला पुण्याची समजते. सगळं साल काढून, उकडून, वरचं पाणी ओतून टाकून. डॉक्टरांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. "आणि तेलाचा थेंब नाही," हे माझं सर्वांत अभिमानाचं वाक्य त्यांच्या पाठीमागे राहिलं. ते त्यांनी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

यंत्रावर बसणारी श्रावणी ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. शहरात कुठेही जा, आठवी 'ब' मधलं कोणीतरी भेटतंच. ती म्हणाली, "मॅडम, आज तुमचाही हात ठेवा ना. घरातल्या सगळ्यांचा घ्यायचा असतो."

मला काय धाड भरली आहे, म्हणून मी आजवर टाळत आले होते. आज कौतुकाच्या भरात हात ठेवला. काचेखाली निळा प्रकाश लागला, गेला. श्रावणीने माझा आलेख मकरंदच्या आलेखाशेजारी आणला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अय्या, तुम्ही दोघं वेगवेगळं जेवता का?"

"काहून?"

"तुमचं दोघांचं जुळणं फक्त बावीस टक्के आहे. सरांचं तर..." तिने आणखी एक कळ दाबली. "सरांचं ११८७ नंबरशी चौऱ्याण्णव टक्के जुळते. एवढं म्हणजे एकाच पातेल्यातलं जेवण."

मी मकरंदकडे पाहिलं. तो भिंतीवरचं हृदयाचं चित्र अशा एकाग्रतेने पाहत होता, जणू उद्या त्याची परीक्षा होती.

*

हे यंत्र काय करतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

झाडं रंग काही आपल्यासाठी तयार करत नाहीत. ऊन सोसायचं, कीड हाकलायची, पाखरांना बोलवायचं, यासाठी त्यांना रंग लागतो. आपण ती झाडं खातो आणि त्यांचा रंग आपल्या अंगात उतरतो. यात दोन जाती आहेत. गाजराचा केशरी, भेद्र्याचा लाल, पालकाच्या हिरव्याखाली लपलेला पिवळा, हे रंग स्निग्ध पदार्थात विरघळतात, रक्तातल्या चरबीच्या कणांवर बसून फिरतात आणि कातडीत आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. जांभळाचा, वांग्याच्या सालीचा, अंबाडीच्या बोंडाचा लाल-जांभळा रंग पाण्यात विरघळतो. तो काही तासांत निघून जातो, पण जाताना त्याचे तुकडे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सैल करत जातात. अस्तर सैल तर नळी लवचीक, आणि नळी लवचीक तर हृदयाला कमी कष्ट.

तळहाताची कातडी पातळ आणि फिकट, म्हणून तिथे प्रकाश टाकून रंग मोजायचे, इतकं फार वर्षांपूर्वीच जमलं होतं. नवं काय, तर हे यंत्र एकूण रंग मोजून थांबत नाही; साठ-सत्तर रंगद्रव्यांचं आपसातलं प्रमाण पाहतं. भेद्रं किती वेळ शिजलं, कोणत्या मातीतलं होतं, कशाच्या सोबत खाल्लं, यावर ते प्रमाण बदलतं. त्याला म्हणतात रंगनक्षी. दोन घरांनी एकाच दुकानातून एकच भाजी आणली तरी नक्षी वेगळी येते. एका पातेल्यात जेवणाऱ्यांची एकच येते. कोणत्या स्वयंपाकाने कोणाच्या रक्तवाहिन्या सुधारतात हे शोधायला केंद्राने हजारभर लोकांचे तळहात जमवले आणि घराघराला 'चूल' असं नाव दिलं. नावं गुप्त, फक्त नंबर. प्रत्येक चुलीचं एक पत्रक. त्यात एक रकाना: 'स्वयंपाक कोणाच्या हातचा?'

आमच्या पत्रकात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सौ. हेमांगी मकरंद इंगोले, निवृत्त विज्ञान शिक्षिका. हुद्दा कोणी विचारला नव्हता.

आणि त्याच हेमांगीच्या रक्तवाहिन्या, श्रावणीने हळूच सांगितलं, सहासष्ट वर्षांच्या होत्या. माझं वय अठ्ठावन्न. फक्त माझ्या हातचं जेवणारी मी एकटीच, आणि माझ्याच नळ्या ताठ. म्हणजे मकरंदला बरं करणारा स्वयंपाक माझा नव्हता. कोणीतरी दुसरी बाई माझ्या नवऱ्याला जगवत होती, आणि कौतुक मी खात होते.

*

घरी मी काही बोलले नाही. भांडायचं तर पुराव्यानिशी.

मकरंद निवृत्त झाल्यापासून रोज अकराला वाचनालयात जातो आणि दीडला येतो. आल्यावर मी वाढलेल्या ताटातली अर्धी पोळी मोडतो, उकडलेला भोपळा इकडचा तिकडे सारतो आणि म्हणतो, "भूकच मंदावली गं." मी आठ महिने या मंद भुकेची काळजी करत होते. लिंबाचा रस देत होते, आल्याचा तुकडा चघळायला देत होते! आता आठवलं की अंगाचा तिळपापड होई.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तसं मी विनाचालक रिक्षा बोलावली. "त्या पांढऱ्या टोपीवाल्याच्या मागे चल," म्हटलं. रिक्षा गोड आवाजात म्हणाली, "क्षमा करा, व्यक्तीचा पाठलाग करता येत नाही. कृपया पत्ता सांगा." पत्ता माहीत असता तर तुला कशाला बोलावलं असतं, असं मी तिला ऐकवलं. तेवढ्यात टोपी वळणावरून दिसेनाशी झाली.

मग मी दुसरा मार्ग धरला. केंद्राच्या अभ्यासातल्या प्रत्येकाच्या मनगटावर नाडी मोजणारा निळा पट्टा असतो आणि त्यावर नंबर. सकाळी वडाळीच्या बागेत फिरणाऱ्यांत असे पट्टे बरेच. मी आठवडाभर ज्याच्या त्याच्याशी हात मिळवत सुटले. एरवी मान हलवण्यापलीकडे मी कोणाला ओळख देत नाही, त्यामुळे लोक जरा घाबरलेच.

आठव्या दिवशी सापडला. ११८७. दोन सोन्याच्या बांगड्यांच्या मधे, सुमेधा गुल्हानेच्या गोऱ्या मनगटावर.

सुमेधा बँकेतून निवृत्त झालेली, नवरा जाऊन चार वर्षं, केसांना मेंदी, चालताना गाणं गुणगुणायची सवय. मी तिचा हात सोडेना.

"काय हो ताई?"

"माझा नवरा तुमच्याकडे जेवतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ती इतकी हसली की बाकावरचे दोन आजोबा उठून उभे राहिले. "माझ्याकडे? बाप्पा! मला साधं वरण लावता येत नाही. मीच बाहेर जेवते, रोज दुपारी. कॉलेजच्या मागच्या गल्लीत, कुंदाताईंच्या खानावळीत. इंगोले साहेब तिथेच असतात ना, खिडकीजवळच्या बाकावर. तुम्हाला माहीत नाही?"

मी तिचा हात सोडला. सुमेधा असती तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

कुंदाताई माझी सख्खी थोरली बहीण आहे.

*

लहानपणापासून आमच्या घरात एक वाक्य होतं: "कुंदाच्या हाताला चव आहे, हेमा हुशार आहे." लोकांना वाटे दोघींचं कौतुक आहे. मला मात्र कळत असे की जेवायला बसल्यावर हुशारीला कोणी विचारत नाही.

मकरंद मला पाहायला आला तेव्हा ताई माहेरपणाला आली होती. कांदेपोहे तिने केले. बशा घेऊन मी बाहेर गेले. मकरंदने पहिला घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग, सगळे बसलेले असताना, त्याने आणखी मागितले. आई म्हणाली, "हेमानंच केलेत हो." मी खाली मान घालून बसले. लाजते आहे असं सगळ्यांना वाटलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली आणि बत्तीस वर्षं मी घरात पोहे करायचे टाळले.

पुढे ताईचे यजमान गेले, तिने खानावळ काढली. आई शेवटच्या आजारात माझ्याकडे होती, पण घास उतरायचा तो ताईच्या डब्यातला. माझ्या हातची पेज ती तोंडात धरून ठेवायची. आईच्या तेराव्याला, नातेवाइकांच्या देखत, कशावरून तरी मी ताईला म्हणाले, "तू बोलूच नकोस, खानावळवाली!" ती उठून गेली. आठवड्याने तिने अंबाडीच्या भाजीचा डबा पाठवला. आईचा डबा, झाकणावर 'कमल' नाव घातलेला. मी भाजी कामवालीला, शेवंताला, देऊन टाकली आणि डबा माळ्यावर फेकला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकाच शहरात राहून बोललो नव्हतो.

*

मी दुपारी बाराला त्या गल्लीत गेले आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभी राहिले.

खिडकीतून मकरंद दिसत होता. ताटात भाकरी, अंबाडीची भाजी, सालासकट वांगं. ताई आली, थकलेली, केस पांढरे झालेले. तिने जवसाच्या चटणीत बोटाने खळगा केला आणि त्यात कच्च्या तेलाची धार सोडली, अगदी आई सोडायची तशी, बारीक आणि न तुटणारी. मकरंदने घास घेतला आणि डोळे मिटले.

हा चेहरा मी पाहिला होता. पोह्यांच्या पहिल्या घासाला. त्यानंतर माझ्या घरात कधीच नाही.

मला किती राग आला ते लिहून सांगता येणार नाही. तो तिच्या प्रेमात असता तर मी दोघांना शिव्या घातल्या असत्या, लोकांनी माझी बाजू घेतली असती. पण माणूस भाजी खातोय, त्याच्या रक्तवाहिन्या सुधारताहेत आणि बायको झेरॉक्सच्या दुकानाआड जळते आहे, याला कोण काय म्हणणार?

संध्याकाळी मी विचारलं, "किती दिवस?"

तो समजला. "आठ महिने."

"म्हणजे माझ्याकडे तू उपाशी राहत होतास?"

"हो," तो म्हणाला. जरा विचार करून म्हणाला असता तरी बरं वाटलं असतं.

"तुझ्यासाठी मी दोन वर्षं फोडणी दिली नाही! मी स्वतः तेच खाल्लं!"

"मी सांगितलं होतं का तसं?"

"तू मेला असतास मकरंद!"

"हेमा, मी मरत नव्हतो. मला भूक लागून राहिली होती."

"दुसरं काही नाही सापडलं? हॉटेलं ओस पडली होती? तिच्याकडेच जायचं होतं?"

त्याने चष्मा काढला. मी म्हटलं, "तिच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवलास तर माझ्या दारात ठेवू नकोस." त्याने चष्मा पुसला, घातला आणि मान हलवली.

*

तो गेला नाही. तीन महिने एकदाही नाही. वाचनालयसुद्धा सोडलं. मी इरेला पेटले: बीट दुप्पट, गाजर दुप्पट, जांभळाचा रस, लाल माठ. ताट रंगपंचमीसारखं दिसायचं. तो सगळं संपवायचा, एक शब्द न बोलता, औषधाची गोळी गिळावी तसं. मी विचारायची, "कसं झालंय?" तो म्हणायचा, "छान."

दिवाळीनंतर एका सकाळी जिन्यात तो मधेच थांबला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच." मी चार पायऱ्या वर होते. तिथून मला त्याचे निळसर पडलेले ओठ दिसले.

डॉक्टर काळमेघांनी या वेळी स्क्रीनवरून नजर काढली. "सत्तर. पुन्हा चढलं. स्टेंटच्या अलीकडे साचायला लागलंय असं दिसतं. असंच राहिलं तर परत आत जावं लागेल, आणि दुसऱ्या वेळेला मी तेवढी खात्री देत नाही. काय बदललं तीन महिन्यांत?"

मी मकरंदकडे पाहिलं. त्याला सगळं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

"काही नाही डॉक्टर," तो म्हणाला. "घरचंच जेवतो."

"मग त्याआधी जे चाललं होतं ते अगदी तसंच्या तसं परत सुरू करा. अंदाजाने काही करू नका, वहिनी. आता प्रयोगाला वेळ नाही."

मकरंदला हृदयाच्या आलेखासाठी आत नेलं. मी श्रावणीसमोर बसले. तिने दोघांचे तळहात शेजारी शेजारी आणले आणि खुश होऊन म्हणाली, "मॅडम, आता बघा! सत्त्याण्णव टक्के जुळते तुमचं."

हेच तर मला हवं होतं. मी आलेखाकडे पाहिलं. दोन्ही हात सारखे होते. दोन्ही सारखेच रिकामे. लाल नाही, पिवळा नाही, काठाला कुठेतरी जरा रंग.

"एवढं गाजर खाऊन?" मी म्हटलं.

"तेल किती घालता मॅडम?"

"एक थेंब नाही."

श्रावणी अवघडली. नखाशी खेळत राहिली. मग वर्गात उत्तर द्यावं तशी म्हणाली, "हे रंग मेदात विरघळतात ना मॅडम. चमचाभर तेल सोबत असलं तरच आतड्यातून रक्तात जातात. नाहीतर पोटातून तसेच बाहेर. कढईतलं तेल कमी करा असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. बंद करा असं नाही सांगत. आणि बिटाचा, लाल माठाचा रंग पाण्यात जाणारा. तो तुम्ही उकडलेल्या पाण्यासोबत मोरीत..." ती थांबली. "अ, ड, ई, के. तुम्हीच पाठ करून घेतलं होतं. मला अजून येतं."

तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले: मेदात विरघळणारी जीवनसत्त्वं. मुलांनी चुकवलं तर दहा वेळा लिहायला लावलं. आणि माझ्या स्वयंपाकघरात भीतीने मला साधी आठवी आठवली नाही.

*

घरी जाऊन मी तेलाची बाटली आणली असती तर झालं असतं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. कोणाला काही कळलं नसतं आणि माझं नाव त्या रकान्यात तसंच राहिलं असतं. पण डॉक्टर म्हणाले होते, तसंच्या तसं. कोणतं तेल, किती, अंबाडी किती वेळ शिजवायची, हे मला माहीत नव्हतं. ज्या बाईला माहीत होतं तिच्यावर मी जळत होते, आणि जळण्यात जाणारा प्रत्येक दिवस मकरंदच्या आयुष्यातून वजा होत होता.

मी माळ्यावरून 'कमल' डबा काढला. घासला. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. साखर घाला, दोन फळं ठेवा, पण रिकामं नाही. मी बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. मग कांदा चिरला. बत्तीस वर्षांनी मी पोहे केले.

खानावळीत जेवणाची वेळ टळली होती. ताई एकटीच अंबाडीची पानं खुडत बसली होती. मी डबा समोर ठेवला.

तिने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. "सहा वर्षं लागले तुले डबा आणाले?"

"रिकामा कसा आणणार?"

तिने झाकण उघडलं, घास घेतला, चावला. मी परीक्षेचा निकाल लागावा तशी उभी.

"एवढं तेल? पोहे हायेत का भजे?"

"दोन वर्षं हातात बाटली नव्हती. अंदाज राहिला नाही."

"मीठ बरोबर हाये," ती म्हणाली आणि खात राहिली.

मी म्हटलं, "मी तुला खानावळवाली म्हणाले होते. सगळ्यांसमोर."

"मंग खोटं काय होतं? खानावळवालीच हाये मी. त्याचा राग नाही आला. माह्या हातची भाजी तू शेवंताले देऊन टाकली, त्याचा आला."

"तुला कोणी सांगितलं?"

"शेवंता माह्याकडंबी भांडे घासाले येते ना."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मकरंदचं सांगितलं: सत्तर, जिना, दुसरा स्टेंट. ताईचा हात अंबाडीवर थांबला.

"मले वाटलं तुम्ही दोघं गावाले गेले असाल," ती म्हणाली.

"मीच बंद केलं त्याला. तू बोलव त्याला परत."

"मी कधीच बोलावलं नवतं. तोच आला. म्हणे, ताई, जेवण नको, फक्त फोडणीचा वास घेऊ द्या." मला हसू आलं. "रोज एकच गाणं गाये. हेमा माह्यासाठी असलं कोरडं खाते, ताई. तिच्या घशाखाली उतरत नाही, मी पाहतो ना. तिले कसंबी करून तुमच्या ताटावर बसवा. मी म्हटलं, तुमची बायको माह्या दारात यायची नाही मकरंदराव, मेली तरी."

"असं म्हणालीस?"

"खोटं होतं का?"

खोटं नव्हतं. मेले नव्हते, नवरा मरायची वेळ आली होती, तेव्हा आले होते.

"तो एकटा येणार नाही," ताई उठत म्हणाली. "तूबी ये. ताट दोन लावीन." मग तिने तिथल्या तिथे एक ताट वाढलं. अंबाडी, भाकरी, चटणी. चटणीत खळगा करून तेलाची धार सोडली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी घास घेतला. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. ते आपोआप मिटले. मला रडू आलं ते चवीने की पराभवाने, मला सांगता येणार नाही.

*

फाल्गुनात आम्ही पुन्हा केंद्रात गेलो. आदल्या दिवशी मकरंद घरचे दोन्ही जिने न थांबता चढला होता. मी मागून पायऱ्या मोजत होते. त्याच्या नळ्या चौसष्ट, माझ्या एकसष्ट. दोघांचं जुळणं शहाण्णव टक्के, आणि दोघांचंही सुमेधा गुल्हानेशी चौऱ्याण्णव. आत जायची गरज उरली नाही, डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "वहिनी, तुमच्या हाताला नमस्कार. हा स्वयंपाक आम्ही अभ्यासात नमुना म्हणून घेणार. पत्रकावर तुमचं नाव आहेच."

श्रावणीने पत्रक स्क्रीनवर आणलं. स्वयंपाक कोणाच्या हातचा: सौ. हेमांगी मकरंद इंगोले, निवृत्त विज्ञान शिक्षिका. फक्त मान हलवायची होती. खाली मान घालून गप्प बसायचं मला चांगलं जमतं, मागे एकदा मी तसं करून नवरा मिळवला होता.

"हे खोडा," मी म्हटलं. "माझ्या हातचं नाही. माझ्या बहिणीच्या हातचं आहे. लिहा, कुंदा भास्कर तायडे." मग कोणी विचारलं नसताना पुढे म्हटलं, "खानावळ चालवते."

बाहेर आल्यावर मी मकरंदला म्हणाले, "आणखी एक सांगायचं आहे. मला पाहायला आलास तेव्हाचे पोहे. तेही तिचेच होते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तू उपमा केलास ना, तेव्हापासून."

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. "आणि बत्तीस वर्षं बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? मी काय पोह्यांशी लग्न केलं होतं का?"

त्याने माझा हात धरला आणि आम्ही कॉलेजच्या मागच्या गल्लीकडे चालू लागलो. जेवणाची वेळ झाली होती. ताईने दोन ताटं लावून ठेवली होती, खिडकीजवळ. तिने आधी त्याच्या चटणीत तेल सोडलं, मग माझ्या. मी दोन्ही धारा नीट पाहिल्या. त्याची जरा मोठी होती. मी त्याचं ताट माझ्याकडे ओढलं आणि माझं त्याच्यापुढे सरकवलं.